चार वर्षांच्या मुलांची सरकारी शाळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला सरकारी खर्चाने बालवाडीत जाता येतं, त्या कायद्याच्या बाजूने मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत: श्रीमंतांच्या मुलांचा खर्च करदात्यांनी का उचलायचा, टेनेसी राज्यात तर सरकारी बालवाडीत गेलेल्या मुलांचं नुकसानच झालं, आणि चार वर्षांचं मूल आजीजवळच बरं.

टेनेसीचं आधी घेते, कारण तो आक्षेप वजनदार आहे. २०२२ साली आलेल्या तिथल्या अभ्यासात बालवाडीच्या प्रवेशासाठी काढलेल्या सोडतीत नंबर लागलेली गरीब घरची मुलं सहावीपर्यंत नंबर न लागलेल्यांच्या मागे पडलेली दिसली. वर्गात जास्तीत जास्त वीस मुलं, पात्र शिक्षक, हे नियम तिथेही होते. म्हणजे नुसत्या नियमांनी वर्ग चांगला होत नाही, आत दिवसभर काय चालतं ते पाहावंच लागतं. पण बोस्टन शहरातल्या सरकारी बालवाड्यांचाही असाच सोडतीवरून अभ्यास झाला. तिथे शालेय परीक्षांच्या गुणांत फारसा फरक नव्हता, तरी वेळेवर कॉलेजात जाणारी मुलं शंभरात साधारण आठने वाढली. सहावीचे गुण पाहून हिशेब बंद करणं मला म्हणूनच पटत नाही.

आता श्रीमंतांचा मुद्दा. ओक्लाहोमात गरीब मुलांसाठी १९९० पासून पैसे मिळतच होते. १९९८च्या कायद्याने उत्पन्नाची अट काढली आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळांच्या नेहमीच्या अनुदानाच्या सूत्रात बसवलं. बालवाडीच्या शिक्षिकेला पदवी हवी, बालशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, आणि पगार शाळेतल्या इतर शिक्षकांइतकाच. मला या कायद्यातलं सर्वांत मोलाचं कलम उत्पन्नाची अट काढणारं वाटतं. गरिबांपुरत्या योजनेला दरवर्षी अर्थसंकल्पात हात पसरावा लागतो. दुकानदाराचं आणि डॉक्टरचं मूलही त्याच वर्गात असेल, तर त्या पैशाला कात्री लावताना आमदार दहादा विचार करतो. शिवाय टल्सा शहरातल्या पाहणीत शाळेतलं जेवण मोफत मिळणाऱ्या मुलांबरोबरच पूर्ण पैसे भरणाऱ्या मुलांचीही अक्षरओळख सुधारलेली आढळली.

आणि आजी. सक्ती कोणावरच नाही, ज्यांना मूल घरी ठेवायचं त्यांनी खुशाल ठेवावं. पण इथे अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत आजी बहुधा सहा महिन्यांच्या मुक्कामाला येते, पुढचे सहा महिने कोणी सांभाळायचं? माझी या कायद्याबद्दल तक्रार आहे ती नेमकी इथे: अडीच तासांचा अर्धवेळ वर्गही त्यात चालतो. नोकरी करणाऱ्या आईला तो पुरत नाही. पूर्ण दिवसाचा वर्ग प्रत्येक शालेय जिल्ह्यात बंधनकारक व्हायला हवा.