म्हातारं व्हायचंय? मग आत्तापासून अंगठे जपा

गोव्यात म्हातारं व्हायचा विचार असेल तर एकच सल्ला, अंगठे जपा. गुडघे-बिडघे गेले तरी चालतं. आमच्या डिचोलीच्या मावशीने जन्मभर नारळ कातले, भांडी घासली, भात लावलं आणि अंगठ्यावरच्या रेषा पार घालवून बसली, दूरदृष्टीच नाही हो बाईला. आता बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेली की अंगठा पदराला पुसते, मशिनवर दाबते, मशिन नाही म्हणतं, परत पुसते, परत नाही, आणि काउंटरवरचा मुलगा (चांगलाय हां, खुर्ची देतो) तिच्याशी बोलता बोलताच सांगतो, मावशी, तुम्ही सिस्टीममध्ये येत नाही.

जिवंत ठरलात तर गोवा सरकारच्या दयानंद पेन्शन योजनेचे महिन्याला 2000 मिळतात. बीपीच्या गोळ्या आणि सिलिंडर घेऊन उरतील ते शेअर मार्केटात घाला. देशात इतरत्र साठीच्या गरीब म्हाताऱ्याच्या पेन्शनमध्ये केंद्र सरकार 200 रुपये हिस्सा देतं, 2007 पासून तेवढाच, म्हणजे आपण श्रीमंतच की. आणि 2011 च्या जनगणनेत गोव्यात शंभरामागे 11 जण साठीच्या वरचे होते, 2021 ची तर झालीच नाही, त्यामुळे तुम्ही कागदावर अजून दहाहून जास्त वर्षांनी तरुण आहात, मजा करा.

मुलं? ती इंग्लंडात, स्विंडनला. आजोबा 1961 च्या आधी इथे जन्मले म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट, ब्रेक्झिटच्या आधी त्यावरच पोचली. बघा, आजोबांचा जन्माचा दाखला केवढा कामाचा, हयातीचाच तेवढा मिळत नाही.

मुलगा बघत नाही तर घर देणार नाही असं धमकावायच्या भानगडीत पडू नका, आपल्या गोव्यात निम्मी इस्टेट कायद्यानेच मुलांची. मुलांकडून पोटगी घ्यायला 2007 चा कायदा आहे, जरूर अर्ज करा. मावशीला सांगितलं तर म्हणाली, शी, बाबूवर केस? आणि व्हिडिओ कॉलवर त्यालाच विचारत बसली, जेवलास काय रे.

हे काहीच नाही जमलं तर पोदेराशी, म्हणजे पाववाल्याशी, जमवून ठेवा. सकाळी पों पों करत येतो, मावशी पाव घ्यायला बाहेर आली नाही की सायकल लावून दारातून ओरडतो, आजी, आसा गो? ती आतून म्हणते, आसां रे.

अंगठा लागत नाही.