गाणं सापडेल, आधी जाहिरात कशाची ते सांगा

इंदूरच्या मराठी घरात रात्री मालिका चालू असते, मध्येच जाहिराती लागतात आणि कुणीतरी ओरडतं, ‘अहो, तेच गाणं लागून राहिलंय!’ इथून हिशेब धरा. जाहिरात २० सेकंदांची, फार तर ३०. पहिली चार सेकंदं ‘कोणतं? कोणतं?’ यात जातात. पुढची आठ फोन शोधण्यात, कारण तो उशीखाली तरी असतो, नाहीतर आतल्या खोलीत चार्जिंगला. सापडला की अंगठा लावायचा, तर अंगठ्याला लौंगवाल्या शेवेचं तेल आणि वर जिरावन मसाला. फोन म्हणतो, ठसा जुळत नाही. अंगठा पुसून पुन्हा लावेपर्यंत पडद्यावर फिनाइलची बाटली आलेली असते. म्हणून माझं पहिलं सांगणं: मालिकेला बसतानाच गाणं ओळखणारं अ‍ॅप उघडून ठेवा आणि शेव चमच्याने खा.

ठशाचीच भानगड पुढेही आहे. शझामसारखी अ‍ॅपं गाणं ‘ऐकत’ नाहीत, गाण्याचा ठसा घेतात. कोणत्या क्षणी कोणते स्वर सगळ्यांत ठळक वाजले, त्यांचे ठिपके मांडायचे, ठिपक्यांच्या जोड्या लावायच्या आणि साठवलेल्या ठशांशी ताडून बघायच्या. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये हे सुरू झालं तेव्हा अ‍ॅप वगैरे नव्हतं. २५८० हा नंबर फिरवायचा (कीपॅडची मधली उभी ओळ, अंधारातही चुकायची नाही), फोन गाण्यासमोर धरायचा. थोड्या वेळाने फोन आपोआप कटायचा आणि गाण्याचं नाव मेसेजने यायचं.

गोम अशी, की ठसा असतो ध्वनिमुद्रणाचा, चालीचा नव्हे. जुनं सिनेगीत जाहिरातीसाठी नव्या गळ्यातून गाऊन घेतलं असेल, तर तुम्हाला ते पहिल्या दोन सुरांत कळतं आणि यंत्र ढिम्म. तीस सेकंदांचा ऐवज वीसमध्ये बसवायला गाणं जरा पळवलं असेल, तरी ठसा बिघडतो. त्यात निवेदक. सूर लागतो न लागतो तोच ‘आता नव्या पॅकमध्ये!’ म्हणून हा इसम मध्ये घुसतो.

फोन धरायचा कुठे, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. सोफ्यावर बसून टीव्हीच्या दिशेने आरती ओवाळल्यासारखा फोन फिरवून काही होत नाही. आजच्या पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. फोन टीव्हीच्या खाली, हातभर अंतरावर ठेवावा. मायक्रोफोन फोनच्या खालच्या कडेला असतो, नेमका तळहाताने झाकला जातो, तो मोकळा सोडावा. आवाज मध्यम. पूर्ण वाढवला तर छोटे स्पीकर फाटतात आणि ठिपके भलतीकडे पडतात. पंखा चालतो, मिक्सर चालत नाही. सकाळच्या वेळी खिडकी बंद करावी, कारण इंदूरची कचरागाडी स्वतःचं गाणं वाजवत येते आणि टीव्हीपेक्षा तिचा आवाज मोठा. नेट गेलं असेल तरी बटण दाबावं. शझाम तुकडा जपून ठेवतं आणि नेट आल्यावर शोधतं.

हे सगळं चुकलं तर गुणगुणणं उरतं. गूगलने ही सोय २०२० मध्ये आणली: अ‍ॅपमधला माइक दाबून गाणं शोधायला सांगायचं आणि १० ते १५ सेकंद चाल गुणगुणायची. यंत्र आवाजाचा पोत, वाद्यं सगळं सोलून फक्त चालीचा चढउतार घेतं. सूर अगदी पक्का नसला तरी चालतं, शीळही चालते. अडचण आपल्या गावाची आहे. लताबाईंचा जन्म इथला, त्यामुळे गळ्यावर हक्क प्रत्येक घराचा. यंत्राला सरळ चाल हवी असते; आपल्याकडे भजनी मंडळातल्या काकू पहिल्याच ओळीत दोन मुरक्या आणि एक हरकत टाकतात. आजोबांच्या हाती फोन देऊ नये ते वेगळ्या कारणाने. ते ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचे भक्त, अतिविलंबित म्हणजे अगदी संथ लयीचे. पंधरा सेकंदांत त्यांचा षड्ज जेमतेम लागतो. फोन द्यावा तो सहावीतल्या नातीकडे. ती नुसतं ‘ना ना ना’ करते आणि उत्तर येतं.

शब्द टाकून शोधण्यात आणखी एक खास खोडा आहे. मराठी वाहिनीवर ऐकलेले शब्द बहुतेक वेळा हिंदीवरून मराठीत आणलेले असतात. ते मराठीत टाकले तर काही येत नाही. त्यापेक्षा हिंदी वाहिनीवर तीच जाहिरात गाठावी, शब्द टिपावे, कंपनीचं नाव आणि साल जोडून शोधावं, एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये. कंपनीच्या यूट्यूब वाहिनीवर जाहिरात सापडली की खालचं वर्णन पूर्ण उघडा, संगीतकाराचं नाव असलं तर तिथेच तळाशी असतं. एवढं सांगितल्यावर घरात शांतता पसरते. चाल सगळ्यांना पाठ, नटीच्या साडीचा रंग पाठ, कुत्र्याची जात पाठ. कंपनी कोणती ते एकालाही आठवत नाही. मसाल्याची होती की विम्याची, इथूनच वाद.

कधी कधी मूळ भलतीकडे निघतं. टायटन घड्याळांची धून मोझार्टच्या २५व्या सिंफनीची, १७७३ची. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. नोकियाची रिंगटोन फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२च्या रचनेतली. अशा ठिकाणी वादन नव्याने केलेलं असतं, म्हणून ठसा फसतो आणि गुणगुणणं जिंकतं. काही सुरावटी तयार संगीताच्या साठ्यातून भाड्याने घेतलेल्या असतात. त्या सापडतात, पण त्याच सुरांवर सिमेंटही विकलं जातं आणि कोचिंग क्लासही.

पण आठ-आठ दिवस ज्याच्यामागे घर लागतं, ते गाणं बहुधा जिंगल असतं. मुद्दाम त्या जाहिरातीपुरतं बांधलेलं: एक मुखडा, शेवटी कंपनीचं नाव, संपलं. अंतरा लिहिलेलाच नसतो. ‘पूर्ण गाणं’ शोधणारे न बांधलेल्या वाड्याचा दुसरा मजला शोधत असतात.

त्याला इलाज रिंगटोनचा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१९ मध्ये मोबाइलची घंटी ३० सेकंदांची ठरवली, म्हणजे जिंगल नेमकी मावते. फक्त शेवटची चार-पाच सेकंदं कापून टाका. नाहीतर व्याह्यांचा फोन उचलायला उशीर झाला, की भर पंगतीत खिशातून घाईघाईने ऐकू येतं, ‘अटी व शर्ती लागू.’