तुपाचा चमचा मोजतो, मग खारी का मोजत नाही?

पुण्यात हल्ली वरणभातावर तूप घालताना लोक हात आखडता घेतात. पण "कोलेस्टेरॉल बॉर्डरलाइनला आलंय" म्हणून तूप नको म्हणणारे काका सकाळी चहाबरोबर दोन खाऱ्या आणि संध्याकाळी बेकरीतलं पॅटिस खाऊन मोकळे झालेले असतात. माझा राग काकांवर नाही. खारीत काय असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, याचा राग आहे.

खारीचे पदर सुटतात ते घट्ट चरबीमुळे. मैद्याच्या पोळीवर मार्जरीन (तेलापासून केलेली लोण्यासारखी घट्ट चरबी) किंवा वनस्पती तूप पसरायचं, घडी घालायची, लाटायचं, पुन्हा घडी. पातळ तेल पिठात मुरून जातं, पदर सुटत नाहीत. म्हणून शेंगदाणा तेल तिथे कामाचं नाही. आणि हीच खारी आपण आजारी माणसाला "हलकं काहीतरी" म्हणून देतो! हातात हलकी लागते, कारण पदरांमध्ये हवा असते. चरबी भरपूर असतेच.

ही घट्ट चरबी स्वस्तात मिळावी म्हणून पूर्वी तेलाचं अर्धवट हायड्रोजनीकरण करत, म्हणजे हायड्रोजन वायू वापरून ते घट्ट करत. त्यातून ट्रान्स फॅट तयार होतं. ते वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) वाढवतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल (एचडीएल) कमी करतं, दोन्हीकडून मार. एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, तेल आणि चरबीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. हे फार चांगलं झालं, मनापासून म्हणते.

पण पदर सुटायला घट्टपणा अजूनही लागतोच. तो आता बराचसा पाम तेलातून येतो, आणि पाम तेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड असते. तीही एलडीएल वाढवते. करडईच्या तेलात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत, शेंगदाणा तेलात वीसच्या आसपास. तूप साठ टक्क्यांच्या वर जातं, त्यामुळे मी तुपाची वकिली करत नाहीये. पण तुपाचा चमचा निदान डोळ्यांना दिसतो.

म्हणून पुड्यावर "ट्रान्स फॅट शून्य" वाचून थांबू नका, शेजारचा सॅच्युरेटेड फॅटचा आकडा बघा. लेबलवरची टक्केवारी दिवसाला २२ ग्रॅम संपृक्त आणि २ ग्रॅम ट्रान्स फॅट धरून काढलेली असते. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा, तेही बघा. (तेलाच्या डब्यावरच्या "कोलेस्टेरॉल फ्री"ला तर अजिबात भुलू नका. कुठल्याच वनस्पती तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं.)

खरी अडचण सुट्या मालाची आहे. पेठेतल्या बेकरीतून कागदी पिशवीत येणाऱ्या खारी, टोस्ट, नानकटाईला लेबलच नसतं. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं झालं आणि दुकानदारांनी पाट्या लावल्या. मग बेकरीच्या बरणीवर लोणी, तूप, पाम तेल, मार्जरीन यांपैकी काय वापरलंय एवढं लिहायला काय हरकत आहे? पाटी लावायला पुणेकराला शिकवावं लागत नाही.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर काउंटरवर विचारा, "यात काय घालता?" मी विचारते. काही जण सरळ सांगतात, काही जण "एकदम शुद्ध" म्हणून विषय संपवतात. दुसरं उत्तर आलं की मी तिथून खारी घेत नाही. तुमच्या बेकरीत काय उत्तर मिळतं, ते दुकानाचं नाव न घेता खाली लिहा.