डावं चाकच का घासलं?

मागच्या महिन्यात ताम्हिणी उतरून माणगावला चहाला थांबलो. गाडीतून उतरताच डाव्या पुढच्या चाकापाशी जळकट वास आला. रिमजवळ हात नेला तर तव्याची धग. उजवं चाक मात्र कोमट. बायको म्हणाली, "घाटभर ब्रेक दाबत होतास ना, म्हणून." आता ब्रेक दाबला तर दोन्ही चाकांना लागतो. मी काय एकट्या डाव्यावर दात धरून होतो?

गाडी दीड वर्षाची, १९,००० किलोमीटर चाललेली, वॉरंटीतली. पुण्यात परत आल्यावर सर्व्हिस सेंटरला दिली. तासाभरात सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन : "सर, पुढचे ब्रेक पॅड संपलेत, टायरही गेलेत. वेअर अँड टेअर आहे, वॉरंटीत बसत नाही. तुमचं घाटात जाणं-येणं जास्त आहे का?"

हे 'वेअर अँड टेअर' ऐकलं की आपण निमूट पाकीट काढतो. मीही काढलंच होतं. पण आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांना सहज फोन केला, तर ते म्हणाले, "पैसे नंतर द्या. आधी चारही पॅड हातात घेऊन बघा."

बघितले. पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे, प्रत्येक चाकाला एक आतला आणि एक बाहेरचा. उजवीकडचे दोन्ही पॅड जवळपास सारखे, चांगले सात मिलिमीटर शिल्लक. डावीकडचा बाहेरचा सहा. आणि डावीकडचा आतला जेमतेम दोन, म्हणजे पत्र्याला टेकायच्या बेतात. साधारण तीन मिलिमीटर उरले की पॅड बदलायचे असतात.

माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवा, हरकत नाही. पण वाईट चालवणाऱ्याचे पॅडसुद्धा दोन्ही बाजूंना सारखेच वाईट घासतात. ब्रेकचा पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो, आणि त्याच जोरावर कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ठेवणारा सांगाडा, पिनांवरून सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतो. पिन जाम झाली की हे सरकणं बंद. मग सगळा भार आतल्या पॅडवर, आणि पाय काढला तरी तो नीट सुटत नाही. माणगावची धग तिथली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. पॅड, क्लच प्लेट, वायपर यांची झीज वॉरंटीत नसते हे पुस्तिकेत छापलेलं असतं आणि ते मला मान्य आहे. जी वस्तू घासण्यासाठीच बनवली ती घासणारच. पण झीज हा परिणाम झाला. कारण जर कॅलिपरमध्ये असेल तर कॅलिपर वॉरंटीत असतो, आणि त्याने खाल्लेला पॅडही त्याच खात्यावर पडायला हवा. कारण तुमच्या पार्टमध्ये आणि बिल मात्र माझ्या नावावर, हा कुठला हिशेब?

टायरच्या बाबतीत मात्र मी तोंडावर आपटलो. टायर-बॅटरीची वॉरंटी बहुधा गाडी कंपनी देत नाही, ती ज्याची त्याने द्यायची असते. टायर कंपनीचा माणूस खोली मोजायचं गेज घेऊन आला. दोन्ही पुढच्या टायरांची बाहेरची कड गुळगुळीत, मधली नक्षी ठीक. तो म्हणाला, "टायरमध्ये दोष नाही, अलाइनमेंट गेलीय." म्हणजे चाकांचा कोन बिघडलाय. क्लेम नामंजूर. आणि तो बरोबर होता. पावसाळ्यात एका खड्ड्यात गाडी जोरात आदळली होती, ते मी सोयीस्करपणे विसरलो होतो. (हवासुद्धा कधी तपासली होती ते विचारू नका.) दोष निघाला असता तरी नवा टायर फुकट मिळतोच असं नाही, अनेकदा उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात किंमत वळती होते. नवी नक्षी ८ मिलिमीटर धरा आणि कायद्याची किमान मर्यादा १.६. म्हणजे वापरायला ६.४. त्यातली निम्मी गेली असेल तर निम्मे पैसे.

पण खड्ड्यानंतरच्या सर्व्हिसच्या बिलात 'व्हील अलाइनमेंट' लिहून पैसे घेतले होते. आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा प्रिंटआउट? तो नाही. मीही मागितला नव्हता. आता मागतो, आणि मिळेपर्यंत काउंटरवरून हलत नाही.

ब्रेकचं प्रकरण मी सोडलं नाही. जॉब कार्डवर 'डाव्या कॅलिपरची पिन जाम' हे शब्द लिहून घेतले, पॅडचे मापासकट फोटो काढले, कंपनीला मेल टाकला. कॅलिपर वॉरंटीत बदलून मिळाला. पॅडचे निम्मे पैसे 'गुडविल' म्हणून माफ झाले. हक्क मागायला गेलो आणि हातावर प्रसाद ठेवला.

उरलेल्या निम्म्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. पण वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवतो, आणि तिचा खर्च आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. हजार-दीड हजाराच्या पॅडसाठी कोण एवढं करणार? काउंटरपलीकडच्या माणसालाही हे ठाऊक असतं, म्हणून तर तो इतक्या शांतपणे 'वेअर अँड टेअर' म्हणतो.

जुने पॅड मी मागून आणलेत. वर्तमानपत्रात गुंडाळून चपलांच्या कपाटात ठेवलेत. बायको रोज विचारते, हे भंगार कधी टाकणार? आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. तोवर तरी नाही.