सातदा पिसलं नाही म्हणून खेळ फिक्स ठरत नाही

पोकर खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पत्ते सातदा पिसल्याशिवाय मिसळत नाहीत हे गणितानं सिद्ध केलंय. पोकर रूममधला डीलर तीनदाच पिसतो, म्हणजे क्रम त्याला ठाऊक असतो. मधेच एक पान बाजूला टाकतो ते हवं ते पान वर आणायला. तेव्हा पिसण्याचं यंत्र असलेल्या टेबलावर बसा, नाहीतर घरीच आपल्या हातानं सातदा पिसून खेळा.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपतंय.

सातचा आकडा डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांच्या १९९२च्या शोधनिबंधातून आला. त्यांनी अभ्यासलं ते रिफल, म्हणजे कॅटचे दोन भाग करून अंगठ्यांनी कडा सोडत पानं एकमेकांत गुंफणं. पूर्ण रँडम कॅटपासूनचं अंतर ० ते १ असं मोजलं, तर चार रिफलपर्यंत ते जवळपास १च राहतं. पाचव्याला ०.९२, सहाव्याला ०.६१, सातव्याला ०.३३, आठव्याला ०.१७ आणि दहाव्याला ०.०४. म्हणजे सातव्याला कॅट एकदम शुद्ध होतो असं नाही, तिथून अंतर दरवेळी साधारण निम्मं होत जातं. शिवाय ही मोजपट्टी अतिशय कडक आहे. सुरुवातीचा क्रम पानन् पान माहीत असलेला आणि त्या माहितीचा पुरेपूर वापर करू शकणारा माणूस समोर आहे, असं ती धरून चालते.

तरीही तीन रिफल कमी पडतात, हे मान्य करायलाच हवं. क्रमानं लावलेला कॅट तीनदा रिफल केला तर त्यात चढत्या क्रमाच्या जास्तीत जास्त आठ साखळ्या असू शकतात. नीट मिसळलेल्या कॅटात त्या सरासरी साडेसव्वीस असतात. साखळ्या कमी म्हणजे जुना क्रम तितका शिल्लक. पण डीलर नुसते तीन रिफल करतच नाही आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमकं हेच गाळलंय.

नवा कॅट उघडला की डीलर तो टेबलावर उताणा पसरतो, म्हणजे बावन्न पानं सगळ्यांना दिसतात. मग पानं पालथी करून दोन्ही तळव्यांनी गोल गोल घोळतो. याला वॉश म्हणतात. कॅट गोळा केल्यावर रिफल, रिफल, मग वरून छोटे छोटे गठ्ठे काढत एकावर एक टाकणं म्हणजे स्ट्रिप, पुन्हा एक रिफल आणि शेवटी प्लास्टिकच्या कट कार्डावर कट. जुना क्रम मोडण्याचं मोठं काम वॉशमध्ये होतं. पुढे प्रत्येक डावानंतर टाकलेली पानं वेगवेगळ्या हातांतून, कुणाच्याही ध्यानात न राहणाऱ्या क्रमानं परत येतात आणि बऱ्याच रूममध्ये डीलर पिसण्याआधी तीही थोडी घोळून घेतो.

आता डीलरला क्रम माहीत असून फायदा कुणाचा? पोकरमध्ये डीलर खेळत नाही आणि कॅसिनो प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, ठरलेला रेक म्हणजे आपला वाटा घेतो. पॉट कुणी मारला यानं कॅसिनोचं उत्पन्न बदलत नाही. डीलर एखाद्या खेळाडूला सामील असण्याचा धोका मात्र खरा आहे, आणि ही सगळी पद्धत तो टाळण्यासाठीच आहे. कॅट टेबलाला टेकलेला असतो म्हणून पानं डोकावत नाहीत, तळाचं पान कट कार्डानं झाकलं जातं आणि क्रिया दरवेळी त्याच क्रमानं होतात म्हणून चुकलेली पायरी कुणालाही दिसते. पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोत बसा की परदेशात, रिफल मोजत बसू नका. स्ट्रिप किंवा कट राहिला तर हात वर करून फ्लोअरला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला, बोलवा. तो तुमचा हक्क आहे.

बाजूला टाकलेलं पान, म्हणजे बर्न, त्या मजकुरात म्हटलंय त्याच्या नेमकं उलट कामाचं. बोली चालू असताना सगळ्यात वरच्या पानाची पाठ सगळ्यांना दिसत असते. त्यावर कुणी खूण केली असेल तर पुढचं पान त्याला आधीच कळेल. म्हणून ते पान पालथंच बाजूला जातं. न पाहिलेलं एक पान काढल्यानं कुणाची शक्यता वाढत नाही की घटत नाही.

यंत्राबद्दलचा भाबडेपणा मला जास्त धोक्याचा वाटतो. डायकोनिस, जेसन फुलमन आणि सुझन होम्स यांनी दहा कप्प्यांचं पिसण्याचं यंत्र तपासलं. तो निबंध २०१३ मध्ये आला. त्या यंत्रातून निघालेली पानं एकेक करून ओळखत गेलं तर बावन्नपैकी सरासरी साडेनऊ बरोबर येतात. नीट मिसळलेल्या कॅटात साडेचारच येतात. २०२३ मध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत तर संशोधकांनी पोकर टेबलांवरचं एक प्रचलित यंत्र हॅक करून दाखवलं.

आणि घरचं सातदा पिसणं? आपल्याकडे गणपतीच्या जागरणाला, दिवाळीला कॅट हातात धरून गठ्ठे खाली सोडत पिसतात. या पद्धतीला कॅट मिसळायला हजारो वेळा पिसावं लागतं. रमीनंतर असं सातदा पिसलं तरी मागच्या डावातली इस्पिकची सत्ती-अठ्ठी-नव्वी कितीदा एकत्रच निघते, ते बघा. घरीही चादरीवर पानं पसरून आधी मिनिटभर घोळा, मग रिफल, रिफल, स्ट्रिप, रिफल. कट दुसऱ्याला करू द्या, आणि कट कार्ड नसेल तर त्याच कॅटातला जोकर तळाशी ठेवा.