मुदतीचा विद्वान

आमच्या अप्पांनी तरुणपणी इंग्रजी टायपिंगची सीनिअर परीक्षा दिली होती आणि तिचे प्रमाणपत्र आजही कपाटातील फाइलमध्ये लॅमिनेशन करून ठेवलेले आहे. टाइपरायटर ही वस्तू आमच्या बेळगावच्या वडगावातून केव्हाच हद्दपार झाली. तरीही अप्पा सरकारी शिक्क्यानिशी निष्णात टंकलेखक आहेत आणि ते पद त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. मी ज्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर, पोट भरतो तो मात्र दिवसेंदिवस फोफावत चालला असूनही त्यातील परीक्षा देऊन मिळवलेले माझे प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेला संपते. आदल्या दिवशी मी तज्ज्ञ असतो आणि दुसऱ्या दिवशी उमेदवार.

या प्रमाणपत्रांच्या आयुष्यमानात कसलीही एकवाक्यता नाही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचे प्रमाणपत्र ३ वर्षे टिकते. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे, म्हणजे अझूरचे, असोसिएट किंवा एक्स्पर्ट (मधल्या किंवा वरच्या) दर्जाचे प्रमाणपत्र एकाच वर्षाचे असते. त्याचे नूतनीकरण घरबसल्या आणि फुकट होते, पण ते मुदत संपण्यापूर्वीच्या सहा महिन्यांतच आठवणीने उरकावे लागते. त्याच मायक्रोसॉफ्टचे फंडामेंटल्स नावाचे, म्हणजे अगदी बिगरी इयत्तेचे प्रमाणपत्र मात्र कधीच कालबाह्य होत नाही. ज्याला थोडे येते त्याचे ज्ञान अमर आणि ज्याला जास्त येते त्याचे वर्षभरात नासणारे, हा न्याय मला अद्याप उमगलेला नाही. कुबेर्नेटिस या क्लाउडवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या प्रणालीच्या प्रमाणपत्राची मुदत पूर्वी ३ वर्षे होती, ती एप्रिल २०२४ पासून २ वर्षांवर आली. सर्टिफाइड स्क्रम मास्टर, म्हणजे टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्या चमूचा मार्गदर्शक, व्हावे तर दर दोन वर्षांनी शिक्षणाचे २० गुण जमवून वर १०० डॉलर मोजावे लागतात आणि पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र मिळवलेल्या माणसाला तीन वर्षांत असे ६० गुण गोळा करीत हिंडावे लागते. परिणामी आमच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, दूध न घेतलेले दिवस आणि ‘अझूर संपते’ या तिन्ही नोंदी सौभाग्यवतींच्या एकाच अक्षरात, एकाच पेन्सिलीने केलेल्या आढळतात.

हा उद्योग मी ज्ञानलालसेपोटी करतो, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. आमच्या कंपनीचे एक टोक पुण्यात आणि दुसरे बेंगळुरूत आहे आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ वर या दोहोंच्या मध्ये बेळगाव वसलेले असल्यामुळे दोन्हीकडच्या साहेबांना मी आपलाच वाटतो. क्लाउड विकणाऱ्या कंपन्या आपल्या भागीदारांना ज्या पायऱ्या देतात, त्यांसाठी पदरी इतके इतके प्रमाणित कर्मचारी असावे लागतात. म्हणूनच तिमाही संपत आली, की एरवी माझ्या निरोपाला दोन दिवस उत्तर न देणारे साहेब अचानक माझ्या प्रगतीची विचारपूस करू लागतात. वार्षिक मूल्यमापनात मी वर्षभर काय काम केले याला एक रकाना असतो आणि मी कोणती प्रमाणपत्रे मिळवली याला चार असतात. त्यांतील एखादा रिकामा राहिला, तर पगारवाढीच्या पत्रातही तसाच एखादा रकाना रिकामा राहतो.

परीक्षेचे म्हणाल, तर अ‍ॅमेझॉनच्या आर्किटेक्ट असोसिएट, म्हणजे क्लाउडवरील रचना आखणाऱ्याच्या, परीक्षेत १३० मिनिटांत ६५ प्रश्न सोडवायचे असतात आणि १००० पैकी ७२० गुण मिळाले तर उत्तीर्ण. शुल्क १५० डॉलर, वर आपला जीएसटी. प्रश्न एवढे लांब असतात, की वाचता वाचता त्यातील काल्पनिक कंपनीच्या अडचणींची आपल्याला खरोखर काळजी वाटू लागते. खाली चार पर्याय असतात आणि ते बहुधा चारही चालण्यासारखे असतात. आपण त्यातला सर्वांत कमी खर्चाचा किंवा सर्वांत कमी देखभालीचा निवडायचा असतो. यावर कडी म्हणजे ६५ पैकी १५ प्रश्नांना गुणच नसतात. ते भावी परीक्षांसाठी चाचणी म्हणून घातलेले असतात आणि ते कोणते हे उमेदवाराला कळू दिले जात नाही. मला जे हमखास येत होते ते सगळे त्या पंधरांत गेले, अशी माझी प्रत्येक परीक्षेनंतर ठाम खात्री होते.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना तीस मिनिटे वाढवून मिळतात. मात्र परीक्षेची तारीख घेण्यापूर्वी तसा अर्ज करावा लागतो. मी तो नेहमी करतो. घरात मराठी, बँकेत आणि तलाठ्याकडे कन्नड, खडेबाजारातील निम्म्या दुकानांत हिंदी आणि साहेबांशी इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला या हिशेबाने दीड तास तरी मिळायला हवा होता. परंतु अर्जात तसा रकाना नाही.

ही परीक्षा घरी बसून देता येते, असे जे सांगितले जाते ते घर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या लोकांनी सांगितलेले असते. खोलीत एकटेच असावे, दार बंद असावे, टेबलावर काही नसावे, मोबाइल हाताला लागणार नाही इतका दूर असावा, कोणी आत येऊ नये, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नये आणि नजर पडद्यावरून हलू नये, अशी नियमावली असते. शिवाय कॅमेऱ्यातून कोणीतरी अज्ञात निरीक्षक आपल्याकडे पाहत असतो. आमच्या घराच्या मागील भिंतीला लागून मामांचे यंत्रमाग आहेत. सकाळी सातला जो खटखटाट सुरू होतो तो आम्हांला जन्मापासून सवयीचा असल्यामुळे ऐकूच येत नाही. निरीक्षकाला मात्र तो ऐकू येतो. आवाज कसला, अशी त्याने चॅटवर पृच्छा केली. साड्या विणल्या जात आहेत, असे मी खरे उत्तर दिले. त्यानंतर बराच वेळ तिकडून काहीच आले नाही.

परीक्षेआधी खोलीची चारही बाजूंनी छायाचित्रे पाठवावी लागतात. मी ती इमानदारीने पाठवली आणि तेथेच घोटाळा झाला, कारण मागच्या भिंतीवर चिरंजीवांचा कन्नड वर्णमालेचा तक्ता लावलेला होता. अ अरसाचा, आ आनेचा, प्रत्येक चौकोनात एकेक गोलसर अक्षर आणि शेजारी रंगीत चित्र. ते निरीक्षकाच्या देशी कोणाला वाचता येत नसावे. भिंतीवर मजकूर आहे, तो तत्काळ काढावा, असा आदेश आला. चिरंजीवांनी तो तक्ता शाळेत वापरायच्या डिंकाने इतका पक्का चिकटवलेला होता, की त्याबरोबर भिंतीचा रंगही निघाला आणि एक गोल आकाराची पांढरी खूण उरली, जिच्याविषयी पुन्हा विचारणा झाली. मग आजोबांच्या तसबिरीचा मुद्दा आला. आजोबा वारले असून त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते, त्यामुळे ते मला व्हर्च्युअल नेटवर्कविषयी काहीही सांगू शकणार नाहीत, हे लिहून कळवण्याचा मोह मी आवरला आणि तसबीर उलटी करून ठेवली. आईने ते नंतर पाहिले. त्या दिवशीचा खरा निकाल मला रात्रीच्या जेवणाला मिळाला.

दाराबाहेर आईला पहाऱ्यावर बसवले होते, हेही सांगितले पाहिजे. तिने कर्तव्यात कसूर केली नाही. कढीपत्ता मागायला आलेल्या काकूंना, वर्गणीच्या पोरांना आणि भाजीवाल्याला तिने एकालाही आत येऊ दिले नाही. मात्र का येऊ देत नाही हे प्रत्येकाला तिने सविस्तर आणि खणखणीत आवाजात समजावून सांगितले. ‘‘परीक्षा चाललीय की त्याची. बोलायचं नाही. वरून माणूस बघतोय.’’ हे शेवटचे वाक्य ऐकून काकूंनी हात जोडले असावेत, असा माझा अंदाज आहे.

नातेवाइकांत माझी कीर्ती निराळ्याच कारणाने पसरली आहे. खानापूरच्या एका लग्नात निपाणीच्या काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, ‘‘अजून सुटली नाही काय रे तुझी परीक्षा?’’ असे अत्यंत मायेने विचारले. त्यांना दर तीन वर्षांनी मी त्याच परीक्षेला बसल्याचे कळते आणि त्यातून कोणीही समंजस माणूस काढील तोच निष्कर्ष ते काढतात. आपण उत्तीर्ण होऊनच पुन्हा बसतो, हे समजावणे मोठे कठीण आहे. पहिल्यांदा प्रमाणपत्र मिळाले तेव्हा आम्ही गल्लीभर कुंदा वाटला होता. नूतनीकरण झाल्यावर मी पुन्हा कुंद्याचा विषय काढला तेव्हा आई म्हणाली, ‘‘होतास तिथेच राहिलास, त्याला कुंदा कशाला?’’ लिंक्डइनवर मात्र त्याच दिवशी नवा बिल्ला लागला आणि ज्यांना मी कधी भेटलो नाही अशा पुष्कळ लोकांनी अभिनंदन केले. त्यांतील निम्मे माझ्यासारखेच स्वतःच्या मुदतीच्या तारखा मोजत बसलेले असणार.

बरे, मुदत पाळली म्हणजे भागते असेही नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनने डेटाबेस आणि डेटा अ‍ॅनालिटिक्स या विशेष परीक्षाच बंद करून टाकल्या. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये अझूर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी या लॉगिन सांभाळणाऱ्या सेवेचे बारसे नव्याने करून तिला एंट्रा आयडी म्हटले आणि माझ्या वहीतील कित्येक पाने एका रात्रीत जुन्या बखरीसारखी झाली. आता साहेबांचा आग्रह कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रमाणपत्रासाठी आहे.

एक परीक्षा उत्तीर्ण झाली, की अ‍ॅमेझॉन पुढच्या परीक्षेसाठी निम्म्या शुल्काची सवलत देते आणि त्या सवलतीलाही अर्थातच मुदत असते. निम्मे पैसे वाया घालवणे आमच्या घराण्यात कोणालाच जमलेले नसल्याने मी लगेच तारीख घेऊन टाकली. तारीख मुद्दाम विचारपूस करूनच निवडली आहे. त्या दिवशी मागवाल्या मामांच्या मुलीचे लग्न असल्यामुळे माग दिवसभर बंद राहणार आहेत. लग्न गल्लीतच असून मांडव आमच्या दारासमोर पडणार आहे आणि डॉल्बीचा विसार परवाच देऊन झाला आहे, ही माहिती आईने मला शुल्क भरून झाल्यावर दिली.