काळ्या खिडकीतल्या सहा कमांड आणि काकांची २० तारीख

दोन-तीन महिन्यांपूर्वी आमच्या घरच्या ग्रुपवर एकाच दिवशी तिघांनी एकच मेसेज ढकलला. तुमच्याकडेही आला असेल. मतलब असा: कॉम्प्युटर मंद झाला तर दुकानात नेऊन पैसे घालवू नका. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा (म्हणजे कमांड टाकायची काळी खिडकी उघडते) आणि सहा कमांड एकामागून एक सोडा. ट्रीने व्हायरस सापडतो, नेटस्टॅटने हॅकर दिसतो, एसएफसीने मशीन नव्यासारखं पळतं, चेकडिस्कने हार्ड डिस्क दुरुस्त होते, फ्लशडीएनएसने नेटचा स्पीड दुप्पट होतो, आणि टेम्प व प्रीफेच उडवलं की उरलासुरला कचरा जातो. खाली तळटीप: कशानेही काही बिघडत नाही, दर रविवारी करा, पुढे पाठवा.

घरातल्या सगळ्यांचे कॉम्प्युटर फोनवरून बघायचं काम वर्षानुवर्षं माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे या मेसेजचे परिणामही माझ्याकडेच आले. म्हणून हे लिहितोय. सगळ्या कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, त्या मुद्दाम. कुणी इथून उचलून तिकडे चिकटवू नये.

आधी मेसेजमधलं पटलेलं सांगून टाकतो. काळ्या खिडकीला घाबरू नका, हे त्यात म्हटलंय ते खरं आहे. 'साध्या माणसाला कमांड देऊच नये' म्हणणाऱ्यांनी एकदा आत्याला फोनवरून सेटिंग्जमधून फिरवून बघावं. माझ्या पडद्यावर डावीकडे असलेलं बटण तिच्याकडे नसतंच, कारण तिचं विंडोज जुनं. कमांड मात्र दोन्हीकडे तीच असते, आणि जे उत्तर छापून येतं त्याचा फोटो काढून पाठवता येतो. तेव्हा माझं भांडण कमांडशी नाही, मेसेजने त्यांना जे काम लावलंय त्याच्याशी आहे.

ट्रीने व्हायरस सापडतो, हा पहिला दावा. ट्री ही डॉसच्या काळातली कमांड. कुठल्या फोल्डरच्या पोटात कुठलं फोल्डर आहे, याची वंशावळ ती छापते. बस्स. एकही फाइल उघडून बघत नाही. पण हजारो ओळी सरसर वर पळताना दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की जबरदस्त तपासणी चालली आहे. 'तुमच्या कॉम्प्युटरमधून व्हायरस पसरतोय' असे फोन करणारे ठग ह्याच दिसण्यावर धंदा करतात. ट्री चालू असतानाच ते 'व्हायरस सापडला' असं टाइप करून ठेवतात, यादी संपली की ती अक्षरं शेवटच्या ओळीत येऊन बसतात, आणि समोरच्याला वाटतं मशीननेच निकाल दिला. तपासणीच करायची असेल तर विंडोज सिक्युरिटीत 'क्विक स्कॅन'चं बटण आहे. त्याला काळी खिडकी लागत नाही.

नेटस्टॅटची गोष्ट थोडी निराळी, कारण ती खरोखर कामाची कमांड आहे. आपल्या मशीनच्या त्या घडीला कुठे कुठे जोडण्या आहेत ते ती दाखवते. त्यात एका रकान्याचं नाव आहे 'फॉरेन ॲड्रेस', आणि सगळा गोंधळ या नावाने घातलाय. फॉरेन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विमानतळ येतो. इथे त्याचा अर्थ जोडणीचं पलीकडचं टोक. ते टोक शेजारच्या खोलीतला प्रिंटर असला तरी तो फॉरेनच! नुसती बातम्यांची एखादी साइट उघडा, 'एस्टॅब्लिश्ड' अशा ओळींची रांग लागेल. त्यातल्या बहुतेकींच्या शेवटी ४४३ दिसेल, म्हणजे रोजचीच सुरक्षित वेबसाइटची वाट. माझ्या मावशीने तो फोटो पाठवून विचारलं होतं, "यातला हॅकर कुठला रे?" नुसती यादी बघून मलाही सांगता आलं नसतं.

याच पंथातली आणखी एक क्लृप्ती मेसेजमध्ये नव्हती, पण माहीत असलेली बरी. फोनवरचा माणूस असॉक नावाची कमांड टाकायला लावतो आणि म्हणतो, "तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त नंबर मी वाचून दाखवतो, जुळतोय का बघा." तो ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक नंबर वाचतो, आणि जुळतो! जुळणारच. तो विंडोजच्या झिप फोल्डरच्या सोयीचा नंबर आहे, जगातल्या सगळ्या विंडोजवर एकच.

आता एसएफसी स्कॅननाऊ. ही विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासते आणि बिघडलेली सापडली तर साठ्यातली चांगली प्रत आणून बसवते. स्टार्ट मेनू उघडत नाही, अपडेट अर्ध्यात अडतं, अशा वेळी मीही देतो. मात्र फाइली धड असतील तर वेगात तसूभर फरक पडत नाही. शिवाय साठाच खराब असेल तर आधी तो साठा दुरुस्त करणारी, डिस्मची रिस्टोअरहेल्थवाली कमांड चालवावी लागते, तिला सहसा इंटरनेट लागतं, हे मेसेजमध्ये नाही.

ही कमांड काकांना पहिल्यांदा फोनवरून दिली तो दिवस आठवतो. "एस, सांगलीचा. एफ, फलटणचा. सी, चंद्रपूरचा. मग स्पेस. मग तिरकी रेघ."

"कुठली? दोन आहेत इथं."

"प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, काका."

वीसेक मिनिटांनी काकांचा घाबराघुबरा फोन. "अरे, व्हायोलेशन्स म्हणतंय!" मी म्हटलं पूर्ण ओळ वाचा. ओळ होती, इंटेग्रिटी व्हायोलेशन्स सापडली नाहीत. ओळीतला नकार त्यांच्या नजरेतून सुटला होता आणि शेवटचा भीतिदायक शब्द तेवढा डोळ्यांत भरला होता. तेव्हापासून मी कुणाला ओळ वाचायला सांगत नाही, फोटो मागतो. अंगठा आला तरी चालेल, पण खालपासून वरपर्यंत.

चौथा दावा चेकडिस्कचा, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

काकांचं दुकान इचलकरंजीत. महिन्याची २० तारीख म्हणजे जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. त्या संध्याकाळी हिशेबाचं सॉफ्टवेअर रखडत होतं, म्हणून काकांनी मेसेज उघडला आणि चेकडिस्क, सी, एफ, आर असं सगळं टाकलं. मशीन म्हणालं, ही ड्राइव्ह वापरात आहे, पुढच्या रीस्टार्टला तपासू का? वाय की एन? मेसेजमध्ये लिहिलं होतं वाय दाबा. काकांनी दाबलं आणि रीस्टार्ट केलं. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरात ११ टक्के. अर्ध्या तासाने ११ टक्के. मग मला फोन.

आर लावलं की चेकडिस्क डिस्कचा कोपरान् कोपरा वाचून बघते, नुसती यादी तपासून थांबत नाही. काकांची १ टीबीची, आत तबकडी फिरणारी डिस्क. ती सेकंदाला १०० एमबीने न अडखळता वाचली तरी १०,००० सेकंद लागतात, म्हणजे पावणेतीन तास. जुनी डिस्क अडखळतेच. मधेच बटण दाबून बंद करावं तर दुरुस्ती अर्धवट राहून फाइलींचा घोळ व्हायची भीती. मी सांगितलं, हात लावू नका, जेवून झोपा. सकाळी मशीन उठलेलं होतं. रिटर्न २१ तारखेला गेलं. लेट फी दिवसाला ५० रुपये, रक्कम काही मोठी नव्हे, पण काकांच्या वहीत ती पहिलीच लेट फी होती, आणि त्यांनी ती मला दोनदा ऐकवली.

चेकडिस्क वाईट आहे असं नाही. डिस्कच्या फाइल व्यवस्थेत गडबड झाली तर तीच लागते. पण नुसतं चेकडिस्क, सी एवढंच टाकलं तर ती फक्त बघते आणि सांगते, काही बदलत नाही. एफ लावलं की बदलते, आर लावलं की रात्र काढते. आणि डिस्क खरंच मरायला टेकलेली असेल तर कोपरान् कोपरा वाचायला लावणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला पर्वतीच्या पायऱ्या चढायला लावणं. आधी बॅकअप घ्यावा लागतो. मेसेजमध्ये बॅकअप हा शब्दच नाही. चुकून वाय दाबलंच असेल आणि अजून रीस्टार्ट केलं नसेल, तर चेकएनटीएफएस, तिरकी रेघ एक्स, सी या कमांडने ती तपासणी रद्द होते.

फ्लशडीएनएसचं थोडक्यात. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधतात, आणि शोधलेले पत्ते मशीन थोडा वेळ लक्षात ठेवतं. ही कमांड ते विसरायला लावते. पत्ता जुना झाला असेल तर उपयोग, स्पीडशी संबंध नाही. कधी द्यायची ते आधी विचारून कळतं: पिंग (पलीकडून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) आणि आठ आठ आठ आठ हा आकडी पत्ता टाकायचा, मग पिंग आणि एखाद्या साइटचं नाव. आकड्याला उत्तर आलं आणि नाव सापडलंच नाही, तर नावाच्या शोधात गडबड आहे, तेव्हा फ्लशडीएनएस द्यावी. दोन्हींना काही नाही तर राउटरकडे बघा. सहसा वायर निघालेली असते.

सहावी, कचरा उडवायची. प्रीफेच फोल्डरला कचरा कोण म्हणालं देव जाणे. कुठला प्रोग्रॅम उघडताना कुठल्या फाइली लागतात याच्या नोंदी विंडोज तिथे ठेवतं, पुढच्या वेळी लवकर उघडावा म्हणून. त्या उडवल्या की पुढची सुरुवात उलट संथ होते आणि विंडोज बिचारं पुन्हा नोंदी करत बसतं. टेम्प म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर; त्यातला खरोखर कचरा असतो, पण तो सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधूनही निघतो. डिलीटच्या कमांडने कशाला काढायचा? तिने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. आणि टेम्पचा पूर्ण पत्ता टाइप करताना शेवटच्या उलट्या तिरक्या रेघेच्या आधी एक स्पेस जास्तीची पडली, तर कमांड त्याचे दोन पत्ते समजते: एक टेम्प, दुसरा अख्खी ड्राइव्ह. त्यात आतल्या फोल्डरांतही शिर म्हणणारं एस लावलेलं असलं की संपलंच.

म्हणूनच 'कशानेही काही बिघडत नाही' हा दावा मला सगळ्यांत खोटा वाटतो. त्यात भर व्हॉट्सॲपची. दोन तारे आले की ते मधली अक्षरं ठळक करून तारे गिळू शकतं. फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करतो. काका फोनवर बघून कॉम्प्युटरवर टाइप करतात, म्हणजे जे दिसतं तेच उतरतं. मी हल्ली कमांड बॅकटिक (`) या खुणांच्या कोंदणात पाठवतो, म्हणजे व्हॉट्सॲप तिला हात लावत नाही.

कॉपी-पेस्ट सुरक्षित म्हणावं, तर २०२४ पासून नेमका त्याचाच सापळा पसरलाय. एखादी साइट 'मी रोबोट नाही' सिद्ध करायला सांगते: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. कंट्रोल व्हीने काय चिकटलं हे कुणी बघत नाही. ते त्या साइटने गुपचूप ठेवलेली कमांड असते, आणि ती बाहेरून चोर आणून घरात बसवते. घरच्यांना मी एकच सांगून ठेवलंय: कमांड कुठलीही असो, मला फोन केल्याशिवाय एंटर नाही.

राहिला 'सगळ्या एकामागून एक, दर रविवारी' हा हट्ट. त्यातला घोटाळा काकांनीच दाखवला, नकळत. २१ तारखेला सकाळी त्यांचा फोन आला होता, "काही म्हण, पळतंय बघ आता!" श्रेय अर्थात चेकडिस्कला. पाच आठवड्यांनी मशीन पुन्हा रखडलं. काका म्हणाले, पुन्हा तीच टाकतो. मी म्हटलं थांबा, आधी सिस्टीमइन्फो टाका, ती नुसती माहिती देते, काही बदलत नाही. फोटो आला. 'सिस्टीम बूट टाइम'च्या ओळीत तारीख होती चेकडिस्कच्या रात्रीची.

"काका, तुम्ही मशीन बंद करत नाही का?"

"रोज रात्री करतो की! दुकान बंद करायच्या आधी."

करतात, खोटं नाही. पण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट'ने होते. काका रोज शट डाउन करत होते, रीस्टार्ट कधीच नाही. २० तारखेला चेकडिस्कच्या निमित्ताने रीस्टार्ट झालं, त्याने मशीन हलकं झालं, आणि रात्रभर डिस्क घासणारी चेकडिस्क फुकटचा मान घेऊन गेली. या वेळी नुसतं रीस्टार्ट केलं. दोन-तीन मिनिटांचं काम. पुन्हा पळायला लागलं.

आता काकांनी उधारीच्या वहीचं शेवटचं पान या कामाला दिलंय. तीन रकाने आहेत: तारीख, काय टाकलं, काय उत्तर आलं. परवा त्यांनी पानाचा फोटो पाठवला, अंगठ्यासकट. शेवटच्या ओळीत सिस्टीमइन्फो, आणि पुढे काकांच्या अक्षरात: "बूट टाइम सोमवारचा. मीच केला होता. तुला फोन केला नाही."